बावीसची गोळी आणि मावशीची डेगची

गोळी मी निवडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी सगळं माझ्या दिरावर ढकलायला नको. चाप त्यानं ओढला, खरं आहे. पण दुकानात मांडलेल्या काडतुसांतलं सगळ्यात बारकं उचलून "हीच द्या" म्हणाले ती मी. आणि त्याच बारक्या गोळीनं वाडीवरच्या मावशीच्या डोक्याच्या चार बोटं वरनं भोक पाडलं. चार बोटं. भाकरी थापताना मध्येच माझा हात थांबतो आणि मी माझी बोटं बघत बसते.

तर नीट पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव उर्स्याच्या मागच्या अंगाला. घरासमोर भातखाचरं, खाचरांपलीकडं एक्सप्रेसवे, आणि घराच्या पाठीशी डोंगर. डोंगराच्या अर्ध्यावर एक वाडी आहे, पंधरा-वीस घरांची. लावणीला आणि कापणीला तिथली माणसं आमच्याकडं येतात, आमच्यातली एखादी बाळंतीण अडली तर वाडीवरची मावशी येते. मावशी म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, काटक, तोंडानं फटकळ. तिनं आणि मी चाळीस पावसाळे एका ओळीत वाकून भात लावलंय. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

घरात बंदूक होती. सासऱ्यांपासूनची, दोन नळ्यांची, बारा बोरची. रानडुकरं भातात शिरतात म्हणून परवाना. भात पोटरीत आलं की ती डोंगरातनं उतरतात आणि एका पहाटेत अख्खं खाचर लोळवून जातात. मारायला म्हणून कुणी कधी उडवली नाही. बार काढायचा, डुकरं पळायची, बस. आणि वर्षातनं एकदा दसऱ्याला. दसऱ्याला कोयता, विळा, फावडं, बंदूक, सगळं अंगणात पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचे, आणि मग डोंगराकडं तोंड करून एक बार. तो बार म्हणजे वाडीला बोलावणं. वरती बार ऐकू गेला की वाडीची माणसं आपट्याच्या फांद्या घेऊन खाली यायची. आपटा वरतीच आहे, आमच्याकडं औषधाला नाही. ती सोनं द्यायची, आम्ही पुरणाचं जेवण द्यायचं. मग बायका ओट्यावर बसून दिवस मावळेपर्यंत गप्पा. माझ्या लग्नापासून मी हेच बघत आले.

छर्रे कुठं जायचे? अंगणामागच्या करवंदीच्या जाळीत. पानं सळसळायची, एखादा कावळा उडायचा. झालं.

मालक गेले. परवाना वारसानं माझ्या नावावर झाला आणि बंदूक वापरायला म्हणून दिराचं नाव कागदात घातलं. दीर कारखान्यातून निवृत्त झालेला, हौशी माणूस. दरवेळी निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निवडणूक संपली की परत, असं चाललं होतं. एका वर्षी बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं नळीत डोकावून मान हलवली. "ही आता देवाजवळ ठेवा. उडवाल तर तोंडावर फुटेल."

मग नवी घ्यायची. कागदांची गोष्ट लांबलचक आहे, ती सोडते. परवानगी मिळाली आणि आम्ही दोघं दिराच्या गाडीतून पुण्यातल्या दुकानात गेलो.

मला वाटलं होतं दुकान काळंकुट्ट असेल, मिशाळ माणसं असतील. तर तसं काही नाही. काचेचं टेबल, मागं गणपती, आणि चष्म्यातला एक शांत गृहस्थ. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर हिरवा कपडा पसरला आणि त्यावर तीन काडतुसं उभी केली, संक्रांतीला सुगडं मांडावीत तशी.

पहिलं आमचं ओळखीचं. बारा बोर. लाल, अंगठ्याहून जाड, आत छर्रे. दुसरं पितळेचं, बोटाएवढं लांब, टोकाला गोळी. ते तीनशे पंधराच्या रायफलीचं. दिराचे डोळे त्यावरच खिळले. तिसरं अगदी इवलंसं. करंगळीचं पेर. बावीसचं.

"वैनी, ही घेऊ," दीर मधल्यावर बोट ठेवून म्हणाला. "लय लांब जाती. डुकराचा बापसुद्धा फिरून यायचा न्हाई."

"आपल्याला बापाला कुठं मारायचंय? हाकलायचंय नुसतं."

मी तिन्ही हातात घेऊन पाहिली. बाजारात जन्मभर हेच केलं. बियाणं असो, सुई असो, हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मधलं जड होतं, ते हातात धरूनच मला भ्या वाटलं. बारा बोरचा धक्का मला माहीत होता, मालकांचा खांदा चार-चार दिवस काळानिळा असायचा आणि मी हळद लावत बसायची. आणि ती बारकी? तळहातावर घेतली तर शेंगदाण्यासारखी. मला तिची कीवच आली.

"हीच द्या," मी म्हणाले. "बारकी ती गरीब."

दुकानदार हसला नाही. म्हणाला, "काकू, आकारावर जाऊ नका. खरं सांगू का? तुमच्या कामाला बारा बोरच बरी. छर्रे थोडक्यात खाली पडतात. ही बावीसची गोळी नेमबाजीच्या सरावाची, मैदानावरची. डुक्कर हिनं मरत नाही, नुसतं जखमी होऊन चिडतं. आणि चुकली तर थांबत नाही." मग त्यानं बारक्या गोळ्यांची डबी उलटी केली. मागं इंग्रजीत बारीक अक्षरं होती. "हे बघा, छापलंय. मैलभर धोका. म्हणजे गोळी तिथपर्यंत जाऊ शकते."

"एवढीशी?" मी म्हणाले.

"एवढीशीच. तुमच्या शेतामागं काय आहे?"

"डोंगर."

"डोंगर असेल तर बरं. मातीत गोळी अडते."

बघा हं. त्या माणसानं नेमकं विचारायचं ते विचारलं होतं. आणि मी खोटं बोलले नाही. आमच्यात कुणालाही विचारा, घरामागं काय आहे, तर "डोंगर" असंच म्हणेल. आंबा असेल तर आंबा म्हणू, विहीर असेल तर विहीर म्हणू. डोंगरावर पंधरा-वीस चुली पेटतात, तिथल्या बाईच्या हातावर माझा धाकटा जन्मलाय, पण "मागं काय आहे" म्हटल्यावर माझ्या तोंडातून डोंगर आला. त्यात माणसं मी धरलीच नव्हती. ह्याचाच मला अजून धक्का बसतो. गोळीचा नंतर. आधी ह्याचा.

तर बावीसची रायफल आली. येताना दीर रुसला होता. तळेगावच्या फाट्यावर भजी खाल्ली तेव्हा म्हणाला, "वैनी, चांगली गाय आणायला गेलो आन् तुमी शेरडू घेऊन आला."

"शेरडू तर शेरडू. लाथ तर मारत न्हाई."

आता दसरा. भात लोंबीवर आलं होतं, इंद्रायणी तांदळाचा वास सगळ्या शिवारात. अंगण सारवलं, रांगोळी घातली, पाटावर कोयते-विळे मांडले. नवी रायफल मधोमध. मी तिला कुंकू लावलं. हो, मीच. झेंडूचं फूल वाहिलं आणि म्हणाले, "चला भावजी, काढा बार. पुरणपोळ्या निवतात."

दिरानं नेहमीसारखी करवंदीच्या जाळीकडं नळी धरली आणि चाप ओढला.

टप.

एवढंच. पापड मोडावा तसं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. पलीकडं एक्सप्रेसवेची घरघर चालू होती, सुट्टीचा दिवस, लोणावळ्याकडं गाड्यांची रीघ. त्या घरघरीत हा आवाज कुठल्या कुठं गेला. वर वाडीकडं पाहिलं तर कुणी बाहेर आलेलं दिसेना.

"ऐकूच गेला न्हाई," दीर म्हणाला. "म्हणत होतो ना, तीनशे पंधरा घ्या. आता बसा."

दुसरा काढला. टप. वर हालचाल नाही.

आणि इथं माझी जीभ चालली. कुणी विचारलं नव्हतं मला. ओट्यावरनं मी म्हणाले, "अवो भावजी, खाली जाळीत मारून कसा जाईल आवाज? जरा वर धरा की. वाडीच्या अंगानं धरा. म्हणजे त्यास्नी ऐकू जाईल."

दिरानं नळी उचलली. वाडीच्या अंगानं धरली. टप.

मी पानं मांडायला आत गेले.

अर्धा तास कुणी आलं नाही. पुरण निवलं. दीर अंगणात येरझारा घालत होता. मग पायवाटेवर मावशी दिसली, एकटी. हातात आपट्याची फांदी नव्हती. काखेत तिची जर्मनची डेगची होती, अ‍ॅल्युमिनियमची हो, आम्ही जर्मनची म्हणतो. आणि मावशी भिजलेली. एका बाजूनं पदर, चोळी, सगळं ओलं. तोंडाचा पट्टा लांबूनच सुरू होता.

"वैनी! ये वैनी! तुमच्या गावच्या पोरास्नी आया-बाप हायेत का न्हाईत? गलोल मारत्यात! सणावारी माणसाच्या डोस्क्यावर गलोल!"

"काय झालं गं मावशे?"

"काय झालं म्हंजे? झऱ्यावरनं पाणी घेऊन चाललेली मी. डोस्क्यावर चुंबळ, चुंबळीवर डेगची. टण्णकन आवाज झाला आन् थंडगार पाणी कानामागनं पाठीत! म्या म्हटलं, फुटली का काय. नवी डेगची गं, चैत्रात घेतल्याली. बघ, बघ हितं."

तिनं डेगची माझ्या हातात दिली. बाजूला एक भोक होतं. गोल, नीट, माझी करंगळी अडेल एवढं. आत वळलेल्या कडा. तळापासून चार बोटं वर.

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात, तसं काही झालं नाही. माझे कान बंद झाले. एक्सप्रेसवे थांबल्यासारखा झाला. मावशीचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हते.

मग दिराचा आवाज ऐकू आला. तो म्हणत होता, "बघतो मी मावशे. कुणाची पोरं हायेत बघतो. कानाखाली वाजवतो एकेकाच्या."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहीना.

मी डेगची हलवली. आत काहीतरी खडखडलं. उपडी केली तर हातावर शिशाचा एक चेपलेला तुकडा पडला, हरभऱ्याएवढा, करडा. ओळखायला मला काय वेळ लागतोय? तळहातावर घेऊन मी तिची कीव केली होती.

"खडा हाये का त्यो?" मावशीनं मान पुढं काढली.

दीर माझ्या अगदी जवळ आला आणि ओठ न हलवता म्हणाला, "वैनी, दगुड म्हणती ती. दगुडच असू द्या."

खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, असू द्यावा. कुणाला काही झालं नाही. सण आहे. पुरणपोळ्या आहेत. नवी डेगची घेऊन देऊ, दोन देऊ. तोंड उघडायला मला जो वेळ लागला तो मी विसरलेली नाही.

"मावशे," मी म्हणाले, "पोरं न्हाईत. आमी."

"आमी म्हंजे?"

"आमची नवी बंदूक. दसऱ्याचा बार. ही तिची गोळी हाये."

मावशी हसायला लागली. तिला वाटलं थट्टा करते. मग तिनं पाटावरच्या रायफलीकडं पाहिलं, तिच्यावरच्या माझ्या कुंकवाकडं पाहिलं, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं डोळ्यातनं गेलं. तिचा हात आपोआप डोक्याकडं गेला. चाचपलं. चुंबळ अजून डोक्यावरच होती, ओली. ती काढून तिनं हातात धरली.

"माझ्यावर धरली?"

"तुजं नाव न्हवतं गं मनात. वाडीकडं धरली. तुमास्नी ऐकू जावा म्हणून."

"गेला की मग ऐकू," मावशी म्हणाली.

आणि मटकन खाली बसली. मी पाणी आणलं. तिनं दोन घोट घेतले आणि तांब्या खाली ठेवला. मग ती हळूच म्हणाली, जशी कुठली हिशोबाबाहेरची गोष्ट आठवावी, "माझ्या मागं सून होती चालत. बिनपाण्याची, सरपण घेऊन. ती माझ्यापरीस उंच हाये वैनी. चांगली वीतभर उंच."

दीर आत निघून गेला.

मावशी जेवली नाही. मी पुरणपोळ्या फडक्यात बांधून दिल्या, त्या तिनं घेतल्या, नाही म्हणाली नाही. तेवढ्यानंच मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून परवाना काढला, डेगची पिशवीत घातली, गोळी हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि दिराला म्हणाले, "रायफल घ्या. ठाण्यात जायचंय."

"निवडणूक न्हाई काय न्हाई, कशाला?"

"सांगायला."

"वैनी, डोकं फिरलंय का? ती बाई तक्रार करत न्हाई, गावात कुणाला ठावं न्हाई. जाऊन सांगितलं तर केस माझ्यावर होईल. चाप मी ओढलाय."

"आन् धरा वर, असं मी म्हटलंय. तेबी सांगते."

तो आला. हे त्याच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. शिव्या घालत आला, पण आला.

ठाण्यातल्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, "काकू, हवेत गोळीबार हा गुन्हा आहे. सणाला असो, लग्नाला असो. तुम्ही स्वतः येऊन सांगताय, पण मला लिहावं लागेल."

"आमी तर दरसाल काढतो बार. सासऱ्यांपासून."

"दरसाल चूकच होतं. यंदा ते दिसलं, एवढंच."

इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. साहेब लिहीत होते. बंदूक जमा झाली, परवाना गेला, दिरावर आणि माझ्यावर केस झाली, ती चालू आहे. तारखेला आम्ही दोघं एकाच गाडीतून जातो आणि रस्ताभर गप्प बसतो. हल्ली भजी खायला थांबतो मात्र.

डेगची पुराव्यात अडकली. तिच्यावर लाखेचं सील लागलं. मावशी महिनाभर मला विचारत होती, "माझी डेगची कवा देणार गं तुजे साहेब? गोळी ठेवा म्हणावं, डेगची द्या." मी नवी घेऊन गेले तर म्हणाली, "ही न्हाई, माझी." आणि ती नवी घेईना.

डुकरांचं म्हणाल तर आता शेतात जुने डबे बांधलेत, वाऱ्यानं वाजतात. कधी पळतात, कधी नाही. एक खाचर गेलं गेल्या साली. जाऊ दे.

मग पुढचा दसरा आला. अंगण सारवलं, पाट मांडला, कोयता, विळा, फावडं. मधली जागा मोकळी. पुरण शिजलं. मी ओट्यावर बसून वर बघत राहिले. बार नाही, म्हणून वरनं कुणी आलं नाही. येणार कसं? ऊन कलायला लागलं तेव्हा मी नवी डेगची पोळ्यांनी भरली, फडकं बांधलं आणि चालायला लागले. गुडघ्यांनी वाटेत तीनदा बसवलं. झऱ्याजवळ आले तेव्हा थांबले. हीच ती जागा. मी सहज डेगची डोक्यावर धरून बघितली आणि पटकन खाली घेतली.

वाडीत सगळी माणसं अंगणात बसली होती, नवे कपडे घालून, आपट्याच्या फांद्या शेजारी ठेवून. मावशीची सून कडेवर लेकरू घेऊन उभी राहिली. खरंच वीतभर उंच आहे ती.

"लय उशीर केला गं," मावशी म्हणाली. "कवाची वाट बघतोय. आज बार न्हाई का?"

"न्हाई. आता न्हाई व्हायचा बार. पण मग तुमी आपणहून यायचं की."

"बोलावल्याबिगर? सणाला?"

"ऐकू कसं जावं तुमास्नी, म्हणून तर..."

"आगं, ऐकू कशाला जायला पायजे?" तिनं माझं मनगट धरलं आणि मला अंगणाच्या कडेला नेलं. "हे बघ."

मी खाली पाहिलं. आमचं घर. अंगण. पांढरी रांगोळी. पाटावरचे झेंडू वेगवेगळे मोजता येत होते. ओट्यावर दीर बसलेला, तो डोकं खाजवतोय तेसुद्धा दिसत होतं. चाळीस वर्षांत मी कधी इथं उभी राहून खाली पाहिलंच नव्हतं. खालून वर मला डोंगर दिसायचा. वरून खाली त्यांना आमचा दाराचा उंबरासुद्धा दिसत होता.

"रोज बघतो आमी," मावशी म्हणाली. "तू उठलीस कवा, चूल पेटली कवा. नुसता पदर हलवला असतास तरी आलो असतो."

मी तिथंच उभी राहून पदर सोडला आणि खाली दिराकडं हलवला. त्यानं मान वर केली. थोडा वेळ नुसताच बघत राहिला. मग उठला, आणि त्यानंही हात हलवला.

"चला," मावशीनं फांदी उचलली, डेगची माझ्या हातातून घेतली आणि चुंबळ शोधायला लागली.

"डोक्यावर नको घेऊस," मी म्हणाले.

"मग काय काखंत मारून नेऊ सणाच्या पोळ्या? सर बाजूला." तिनं डेगची डोक्यावर ठेवली आणि पायवाटेला लागली. मी तिच्या मागून उतरले, सबंध वाट तिच्या डोक्याकडं बघत.